वॅर म्हणावं आणि थांबावं

दुपार कलता कलता हुनवाल्ड घरातून निघाला, तो पहाऱ्यावरच्यांना भाकरी पोचवायला. जवाची भाकरी, डुकराची थोडी चरबी आणि बिअरचा बुधला. रानाच्या कडेला, काटेरी कुंपणाआड शेजारचा तरणा पोरगा केनरिक धनुष्य घेऊन बसला होता. शेजारी गावचा म्हातारा कारभारी ओस्मुंड. पंधरवडाभर गावातल्या मेंढ्या नाहीशा होत होत्या.

"आलास दादा! मला वाटलं, बुधला वाटेतच संपवलास," केनरिक म्हणाला.

"तुझ्या बापाच्या हाती दिला असता, तर संपलाच असता."

ओस्मुंड फिसकन हसला. मग तिघं खाऊ लागले. रानातून धुकं जमिनीलगत सरकत येत होतं. कुजलेल्या पाल्याचा आणि दलदलीचा ओला वास त्याच्यासोबत येत होता.

त्या जुन्या इंग्रजांच्या मुलखात धोक्यासाठी शब्द पुष्कळ. डोंगरावर पेटवायचा जाळ तो बेकन, राखण करणारा तो वेअर्ड. पण लेकराला सगळ्यात आधी शिकवायचे तो शब्द म्हणजे वॅर. वॅर म्हणजे सावध. रस्ता सोडून रानातून येणाऱ्यानं 'वॅर' असं ओरडायचं, नाहीतर शिंग फुंकायचं, आणि उत्तर येईतो जागीच थांबायचं. मुकाट्यानं आला तो चोर. त्याला मारलं तर दंड नाही, दोष नाही. राजाचा कायदाच तसा.

हा कायदा हुनवाल्डला एकदा उपयोगी पडला होता.

मागच्या सुगीत तो इथे एकटाच होता. रानातून एक परका आला. त्यानं शिंग फुंकलं, 'वॅर' म्हणून हाक दिली आणि शहाण्या माणसासारखा उत्तराची वाट पाहत उभा राहिला. त्याच्या खांद्यावर चांदीची पिन चमकत होती. हुनवाल्डची लेक लिओबा लग्नाची झाली होती, आणि तिच्या अंगावर घालायला घरात काही नव्हतं. हुनवाल्ड म्हणाला, "ये." तो हसत पुढं आला. भाला पोटात शिरला तरी ते हसू तोंडावरून लगेच गेलं नाही. पिन काढून घेऊन, त्याचं तांब्याच्या कडीचं शिंग दलदलीत फेकून हुनवाल्ड गावात गेला. ओस्मुंडनं विचारलं, "हाक दिली होती का त्यानं?" हुनवाल्ड म्हणाला, "नाही. कुणी ओरडलं नाही."

तेव्हापासून सांज झाली की त्याला रानातून ती हाक ऐकू येई. दुसऱ्या कुणालाही नाही. एकदा त्यानं बोलून दाखवलं, तर गावानं महिनाभर त्याची थट्टा केली. मग तो बोलेनासा झाला.

"लिओबा कधी येतेय रे मावशीकडून?" ओस्मुंडनं विचारलं.

"उद्या. मीठवाल्यांच्या गाडीबरोबर. रस्त्यानं."

धुकं कुंपणाला येऊन टेकलं. पाखरं एकदम गप्प झाली. आणि मग...

"वॅर!"

हुनवाल्डच्या हातातली भाकरी खाली पडली. आवाज रोजचा नव्हता. कोवळा होता, बाईमाणसाचा. त्यानं केनरिककडं पाहिलं. केनरिक चरबीची बोटं चाटत होता. ओस्मुंड अर्धवट डोळे मिटून बसला होता.

"वॅर! बाबा... मी आहे!"

त्या मेलेल्या परक्यानं आता माझ्या लेकीचा आवाज घेतला, असं हुनवाल्डला वाटलं. तो दात आवळून बसला. पुन्हा हसं नको.

धुक्यात काहीतरी हललं. केनरिक बाण लावून उठला.

"दादा..." तो कुजबुजला. "कुणीतरी उभं आहे. हाक ऐकलीस का तू?"

"बाबा, उत्तर द्या ना!" ती म्हणत होती. "पाय गारठलेत..."

"दादा, बोल की!"

हुनवाल्डनं खाली पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "कुणी ओरडलं नाही."

दोरी टणत्कारली.

लिओबा पाल्यात उताणी पडली होती. मीठवाले आजच निघाले होते. वाटेत चाक मोडलं, म्हणून ती रानातली जवळची वाट धरून पुढं आली होती. खांद्यावर तीच चांदीची पिन होती. बाण तिच्या गळ्यातून गेला होता, त्यामुळे तिला काही बोलता येईना. ती बापाकडं नुसती पाहत राहिली, आणि पाहता पाहता गेली.

केनरिक गुडघ्यांवर कोसळला. "आम्ही काहीच ऐकलं नाही गं... काहीच नाही..."

"तुझा दोष नाही, पोरा," ओस्मुंड हळूच म्हणाला. "तिनं हाक दिली नाही. तिच्या बापानंच सांगितलंय." मग तो वाकला. "पण हे काय?"

लिओबाच्या मुठीत एक शिंग होतं. दलदलीच्या काळ्या चिखलानं भरलेलं, तांब्याच्या कडीचं. ओस्मुंडनं तोंडाकडची बाजू पुसली आणि दचकून हात मागं घेतला. ती ऊन होती, आत्ताच कुणी ओठ लावल्यासारखी.

"हे तिच्याकडं होतं, तर फुंकलं का नाही?" केनरिकनं ते ओढून घेतलं, चिखल झटकला आणि छाती भरून फुंकलं. गाल फुगले, मानेच्या शिरा ताणल्या, पण आवाज निघाला नाही. त्यानं पुन्हा फुंकलं.

"फुटकं आहे," तो रडत म्हणाला.

ओस्मुंडनं वळून पाहिलं. हुनवाल्ड दोन्ही कान घट्ट दाबून जमिनीवर लोळत होता, आणि त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं.