जास्तीचा तुकडा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या, सोनमच्या बाबतीत. गेल्या मे महिन्यात, सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या तिच्या ऑफिसात. तेही भर दुपारी.

कॉम्प्युटरला गावाकडची बोली शिकवायची म्हणून तिथं लोकांच्या आवाजाची रेकॉर्डिंग जमवतात. सोनमनं लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, तिची स्क्रिप्ट, त्या रेकॉर्डिंगचे छोटे छोटे तुकडे पाडून नावं द्यायची. तिच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर सगळं बिनचूक. सोबतच्या सोमशेखरच्या विंडोजवर मात्र एक तुकडा जास्त निघायचा.

फाइलच्या पत्त्यातल्या तिरक्या रेघा, नावातली लहान-मोठी अक्षरं... दोन्हीकडं चालेल असं तिनं सगळं दुरुस्त केलं.

तुकडा निघालाच.

"ऐकून तरी बघ की," सोमशेखर म्हणाला.

तिनं हेडफोन लावला. आधी नुसती खरखर...

मग पाण्याचा आवाज.

मग... "सोनम, वर काढ की गं मला."

तिच्या आत्याचा, बजाबाईचा आवाज!

आत्या सांगोल्याकडच्या वाडीत शेळ्या राखायची. तिचं रेकॉर्डिंग कुणी कधी केलंच नव्हतं.

सोमशेखरनंही ऐकलं.

सोनमनं भावाला, जोतिरामला फोन लावला. "आत्या कुटं हाय?"

"ही काय, शेळ्यांना पाला टाकतीया. का गं?"

"तिला विहिरीकडं जाऊ देऊ नका."

जोतिराम हसला. "विहिरीत चिमणीपुरतं पाणी न्हाय, अन् आत्या बुडंल व्हय?"

सोनमनं तो तुकडा डिलीट केला. स्क्रिप्ट पुन्हा चालवली.

तुकडा पुन्हा आला... आणि लांबलेला.

"सोनम... नाकापत्तूर आलंय गं..."

ती तशीच उठली आणि एसटी स्टँडवर धावली.

दिवस मावळायच्या आत वाडीत पोचली. आत्या अंगणात बाजेवर बसली होती. ठणठणीत. "का गं, अशी एकाएकी?" म्हणत तिनं सोनमच्या गालावरून हात फिरवला. सोनमनं तो हात घट्ट धरून ठेवला. विहीर लांब, हौद रिकामा. आता काय होणार?

बोलता बोलता आत्या थांबली.

तोंड उघडलं... मिटलं... पुन्हा उघडलं. श्वास आत जाईना. डोळे वर लागले. सोनम ओरडली, जोतिराम धावला, त्यानं पाठ चोळली, छाती दाबली. कशाचाच उपयोग होईना. आत्या दोघांच्या हातात, कोरड्या अंगणात, गटांगळ्या खात होती.

आणि मग शांत झाली.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

पण बायका आत्याला आवरायला बसल्या, तेव्हा तिचा अंबाडा सुटला... केसांतून पाणी निथळत होतं.

सोनम आता ते काम करत नाही. झोपेत तिची मूठ, आत्याचा हात धरल्यासारखी, आवळलेली असते. उघडायला गेलं, तरी उघडत नाही.