बादलीतला दोर

सकाळचा चहा झाला की नर्सबाई होडीच्या मागच्या टोकाला जाऊन दोराला एक हिसका द्यायची. तीस हात लांब, हाताहातावर गाठी मारलेला तो दोर होडीमागे पाण्यात कायम सोडलेला असायचा. दोघांपैकी कुणी पडलंच, तर धरायला तेवढाच आधार. होडी नवऱ्यानं बांधलेली, पण दोर हा बाईचा हट्ट. "माझ्या होडीला शेपूट लावलंस," असं तो रोज म्हणायचा आणि रोज स्वतःच हसायचा.

नवरा सुतार, हृदयाचं ऑपरेशन झालेला. समुद्र ओलांडायचा म्हणून अकरा वर्षं खपून त्यानं ही होडी उभी केली होती. डॉक्टर नको म्हणाले, लेक तर आठवडाभर बोलली नाही. शेवटी बाईनं लेकीला शब्द दिला, "तुझ्या बाबांना धडधाकट तुझ्या हवाली करते, मग तर झालं?" चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई ती. तिचा शब्द म्हणजे शब्द.

वाटीभर गोड्या पाण्यात तोंड धुवायचं, भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, कुकर लवंडू नये म्हणून दोन गुडघ्यांत धरून बसायचं. एकवीस दिवस असे गेले, आणि खरं सांगायचं तर दोघंही भलतीच खुशीत होती.

बाविसाव्या दिवशी दोराला शेवाळ चढलेलं दिसलं. वॉर्डातली खोड कुठली जायला! बाईनं तो अख्खा ओढून घेतला, साबणाच्या पाण्यात बादलीत भिजत घातला आणि बटाटे उकडायला खाली गेली. त्याच्या जागी दुसरा दोर सोडायचं साफ विसरली.

वर दाणकन आवाज झाला. ती धावत आली तर शिडाची आडवी दांडी गर्रकन फिरलेली, सुकाणूपाशी कुणी नाही. नवरा मागे, वीसेक हातांवर, पाण्यात.

ती मागच्या टोकाशी धावली. मग लक्षात आलं, अंतर वाढत नाहीये. तो होडीच्याच वेगानं मागून येत होता. उजवा हात पुढे ताणलेला, मूठ आवळलेली, छातीवर पाणी फुटत होतं.

तिनं शीड पाडलं, तो ओढल्यासारखा जवळ आला तशी आकडीची काठी पुढे केली, काखेत हात घालून त्याला वर खेचलं. एवढं बळ कुठून आलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"तुझ्या शेपटानं वाचवलं गं," तो खोकत म्हणाला.

"बोलू नका," ती नाडी बघत म्हणाली. पलीकडे बादलीत दोर फेसाखाली पडला होता. तिनं त्यावर गुपचूप फडकं टाकलं.

मूठ मात्र उघडेना. गरम पाणी झालं, तेल झालं, रागावून झालं. "गारठा आहे, जाईल," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो उजवा हात आपोआप होडीच्या पुढच्या टोकाकडे ताणला गेला आणि तसाच राहिला.

त्याच दुपारी वारा पडला. शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत होतं, तरी होडीच्या दोन्ही अंगांनी पाणी सळसळत मागे जात होतं.

"बघ माझी बांधणी! वाऱ्यावाचून पळतेय!"

बाईनं वाकून पुढे पाहिलं. पाण्यात काहीच नव्हतं. रेडिओवर लेक म्हणाली, "एवढ्या पुढे कसे आलात? आई, जागेचे आकडे नीट बघ." आकडे बरोबर होते.

तो डुलकी काढत असताना बाई पुढच्या टोकाशी गेली. कुणाशी बोलतोय हे तिला ठाऊक नव्हतं. "ह्यांना पोचव," ती म्हणाली. "मागाहून काय ते मी बघते."

एकतिसाव्या दिवशी, भर दुपारी, ठरल्यापेक्षा नऊ दिवस आधी होडी बंदरात शिरली. उभ्या बोटींनी भोंगे वाजवले. धक्क्यावर ही गर्दी! ऑपरेशन करणारे डॉक्टरही आले होते. "तुमच्यापुढे हात टेकले बुवा!" ते ओरडले.

"नाकावर टिच्चून आलो, डॉक्टर!" नवरा उडी मारून धक्क्यावर चढला, वळला आणि बायकोला हात दिला.

उजवा हात. बोटं मोकळी होती, ऊबदार होती. तिनं तो हात घट्ट धरला आणि वर आली.

बापाला कवटाळून लेक तिच्याकडे धावली. "आई, आणलंस गं बाबांना!"

बाई हसत होती, रडत होती. आयुष्यात एवढी खूश ती कधी झाली नव्हती.

डोळे पुसायला ती उजवा हात उचलू गेली. तो आला नाही.

मूठ आवळलेली होती. हात पाठीमागे ताणला जात होता, हलकेच, पाण्याच्या दिशेनं.