आईचा उजवा डोळा

कर्जतच्या बाजारपेठेत विनिताताईंचा फोटो स्टुडिओ आहे. तिथं जागृती जुने फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करायची. एका मंगळवारी कुंभिवलीच्या कंपनीत कामाला असलेला स्वराज आला आणि त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला. वाळवीनं निम्मा चेहरा खाल्लेला.

“माझी आई. मी दोन वर्षांचा असताना गेली... एवढाच फोटो हाय.”

जागृतीनं डाग काढले, भेगा बुजवल्या. केसांतला गजरा कळीकळीनं उजळला. पण उजवा डोळा उरलाच नव्हता. डावा उलटा करून लावला, तर चेहरा परकाच दिसायला लागला.

“तुम्ही कुणावर गेलात?” पुढच्या मंगळवारी तिनं विचारलं.

“आईवर. डोळे तर तिचेच, असं मावशी म्हणते.”

“मग बसा. तुमचाच डोळा घेते. दिव्याकडे बघा.”

“तुमच्याकडं बघितलं तर चालंल?”

“फोटो हलेल...”

“मी नाय हलत. तुमचाच हात हलतोय.”

मग दर मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, तो येऊ लागला. कधी पापणी जरा खाली हवी, कधी भुवई बारीक — तो खोट काढायचा आणि ती हसून मान्य करायची. तीन दिवसांचं काम दोन महिने पुरलं. अहोजाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

अखेर मोठी प्रिंट निघाली. स्वराजनं आईच्या उजव्या डोळ्याजवळ हलकेच बोट नेलं.

“कुठं लावणार?” तिनं हळूच विचारलं.

“साखरपुड्यात... पाटावर ठेवायचाय.”

“कुणाच्या?”

“माझ्या.” त्यानं मान खाली घातली. “मावशीनं दिवाळीतच शब्द दिलाय. तिच्या पुतणीला.”

“दिवाळीत? मग इतके दिवस का आलास?”

“वाटलं, आईचा चेहरा पुरा होईपर्यंत तरी...”

“आणि मी?”

“मावशीनं मला वाढवलं गं. तिला नाय म्हणायला तोंड उघडत नाय.”

“माझ्यापुढं बरं उघडत होतं!”

तिनं फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला, दोरा बांधला आणि त्याच्या हातात दिला. बोटाला बोट लागू दिलं नाही.

साखरपुड्यानंतर एका मंगळवारी त्याची गाडी दिसताच ती आतल्या खोलीत गेली. “ती नाही,” विनिताताईंनी सांगितलं. तो थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला.

ती बाहेर आली, तेव्हा काउंटरवर लग्नाची पत्रिका होती. पाकिटावर त्यानं स्वतःच्या हातानं, सावकाश, वळणदार लिहिलं होतं — जागृतीताई.