उसवलेला कॉम्प्युटर

"मुलगा की मुलगी?"

जिन्याच्या वळणावर कुणीतरी विचारलं आणि भाचीचा पाय अडखळला. हातात कॉम्प्युटरचा डबा, तोही गुलाबी साटिनच्या अस्तरात गुंडाळून छातीशी धरलेला. वारं लागू नये म्हणून कडासुद्धा नीट दुमडलेल्या. तेव्हा विचारणाऱ्याचा दोष नव्हता.

"बंद पडलेलं आहे," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "वाट सोडा. वर दुरुस्तीच्या दुकानात जायचंय मला."

"बंद आहे. जेवायची सुट्टी."

"तुम्हाला काय माहीत?"

त्यानं जेवणाचा डबा काखेत धरून खिशातून किल्ली काढली. "कुलूप मीच लावून आलोय."

भाची मानी होती. विनवण्या करणं तिच्या रक्तात नव्हतं, मावशीच्या हाताखाली वाढलेली पोर ती. तिनं फक्त डबा या हातावरून त्या हातावर घेतला आणि वरच्या दाराकडे पाहिलं… असं पाहिलं, की उपाशी माणसानं जेवण विसरावं.

"चला," दुरुस्तीवाला मागे फिरला. "तान्ह्या बाळाला जिन्यात ताटकळत ठेवू नये."

दुकान म्हणजे एक खोली. उघडीवाघडी यंत्रं, बाटल्यांच्या झाकणांत ठेवलेले इवलेसे स्क्रू, तापलेल्या धुळीचा वास. त्यानं डबा टेबलावर ठेवला आणि साटिन सोडवलं. सोडवून बोळा करून फेकलं नाही. चारी कडा जुळवून घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली. भाचीनं ते बघितलं. बघितलं नाही असं दाखवलं. माणूस कसा आहे ते तो कापडाला हात कसा लावतो त्यावरून कळतं, असं मावशी म्हणायची, आणि मावशीचं म्हणणं आजवर खोटं ठरलेलं नव्हतं. हेच तर दुखणं होतं!

मावशीचं दुकान नाचाच्या पोशाखांचं. तिच्या कात्रीला तोड नव्हती, आणि जिभेला तर नव्हतीच नव्हती. कापड बेतायच्या कागदी कटिंगचे गठ्ठे छताला टेकलेले, निम्मे उंदरांनी कुरतडलेले. भाचीनं भांडून भांडून कॉम्प्युटर आणला, रुंद कागदाचा प्रिंटर आणला, आणि एकेक कटिंग त्यात उतरवलं. मावशी त्याला 'खोकं' म्हणायची. आज सकाळी ते खोकं सुरू झालं, पांढरे ठिपके घाण्याच्या बैलासारखे गोल गोल फिरले, पडदा काळा झाला, आणि पुन्हा ठिपके, पुन्हा काळं.

मावशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली होती. "उद्या नाचणाऱ्या पोरींचे पंख द्यायचेत. पंख आहेत तुझ्या खोक्यात. संध्याकाळपर्यंत उघडलं तर ठीक. नाहीतर खोकं भंगारात, आणि तू खडू-कागद घेऊन परत माझ्या हाताखाली. पुन्हा म्हणून यंत्राचं नाव काढायचं नाही!"

"नेमकं काय झालं?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं.

"काल अपडेट आलं. आज हे."

"अपडेट चालू असताना वीज गेली?"

"नाही."

"कुणी बंद केलं?"

"आमच्याकडे कोण कशाला…" एवढं बोलून ती थांबली.

उंबरठा ओलांडायचा तर आधी मेन स्विच खाली, असा मावशीचा नियम. कधीकाळी विसरलेल्या इस्त्रीनं कापडाचा आख्खा तागा जाळला होता, तेव्हापासूनचा. काल घरी जाताना भाची पुढे निघाली होती. शेवटी निघाली मावशी. पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असणार, बंद करू नका… आणि मावशीची शाळा दुसरीतच सुटलेली.

भाचीचा चेहरा उतरला. त्यानं ते पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही.

"असं बघा," तो म्हणाला, "अपडेट म्हणजे जुनं काढून नवं बसवणं. जुनं निघालं, आणि नवं बसायच्या आत—"

"म्हणजे उसवून झालं, शिवायचं राहिलं."

त्यानं मान वर केली. पहिल्यांदाच नीट बघितलं तिच्याकडे. "इतकी वर्षं गिऱ्हाइकांना समजावतोय, पण इतकं सोपं मला कधी जमलं नाही."

"कापडाचं काय झालं ते सांगा आधी."

"तेच बघायचं. आधी कापड वाचवायचं, मग शिवण."

त्यानं एक पेनड्राइव्ह लावला आणि यंत्र त्याच्यावरून सुरू केलं. बिछान्यावरचा माणूस उठत नसला तरी घरात जाऊन कपाट उघडता येतं, तसंच हे, असं तो म्हणाला. कपाट उघडलं. पंख, बाह्या, घेर… तिनं दिलेली नावं एकाखाली एक पडद्यावर उतरली. भाचीनं सकाळपासून कोंडलेला श्वास सोडला, तो इतका मोठा, की झाकणातले स्क्रू हलले.

"हळू!" तो हसला. "ते स्क्रू तुमच्या कटिंगसारखेच. एक हरवला की सगळं अडतं."

सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग दुरुस्ती. पहिल्या प्रयत्नाला यंत्रानं साफ नाही म्हटलं. दुसऱ्याला त्यानं काळ्या पडद्यावर एक हुकूम लिहिला, की अर्धवट राहिलंय ते मागे घे. ठिपके फिरू लागले. आता वाट बघण्याशिवाय काम नव्हतं.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "माझ्यामुळे राहिलंय."

"तुम्ही जेवलात?"

"मला भूक नाही." नेमकं तेव्हाच पोट गुरगुरलं. मेलं पोटसुद्धा आपल्या बाजूचं नसतं!

त्यानं जेवणाचा डबा उघडून मध्ये सरकवला. एका डब्यात दोन हात, त्यामुळे बोटाला बोट लागणारच. लागलं. दोघंही एकदमच यंत्राकडे बघू लागले, जसं काही तेच बोलणार होतं.

"दुकानात कॉम्प्युटरसमोर कोण असतं?" त्यानं विचारलं.

"मी. आणि माझ्यावर नजर ठेवायला मावशी." मग हळूच— "एक मागू? काल मेन स्विच मावशीनंच पाडला असणार. तिला सांगू नका. तिला… लागेल ते."

"मला खोटं बोलता येत नाही हो. कान लाल होतात."

"मग कान झाका!"

तेवढ्यात ठिपके थांबले. पडदा निळा उजळला, आणि भाचीचे पंख उलगडले. ती टाळी वाजवणार होती, पण हात मध्येच थांबला, कारण तो यंत्राकडे बघतच नव्हता… तिच्याकडे बघत होता.

प्रिंटर जोडून द्यायचा म्हणून कॉम्प्युटर घेऊन तो स्वतःच मावशीच्या दुकानात आला. मावशीनं चष्मा नाकावर ओढून त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय झालं होतं रे याला?"

"अपडेट अर्धवट राहिलं, मावशी."

"का राहिलं?"

"राहतं… कधी कधी." कान पेटले. भाची छताकडे बघू लागली.

"कान कशानं भाजले तुझे?" मावशी म्हणाली. "आणि तू गं ठमे, छताला काय टाके घालतेस? आल्यापासून तोंड शिवलंय, तेव्हाच ओळखलं मी. मेन मी बंद केला. पडद्यावर काहीतरी पांढरं लिहिलेलं होतं." ती जरा थांबली. "मला येत नाहीत ती अक्षरं."

हे वाक्य भाचीनं मावशीच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. आता दुरुस्तीवाला हसला असता, किंवा 'असू द्या, असू द्या' म्हणाला असता, तरी सगळं संपलं असतं. खोकं भंगारात, आणि त्याच्यामागोमाग तो.

तो हसला नाही. त्यानं पडदा मावशीकडे वळवला.

"ज्यांनी वाचायची त्यांनाच कळणार नाही अशी पाटी लावायची कशाला? चूक पाटीची. म्हणून मी बदलून टाकली. आता बघा."

पडद्यावर सगळी आपली मराठी अक्षरं. मावशी वाकली. काचेला बोट लावून, ओठ हलवत… "बं…द… क…रा. बंद करा. हे बंद करायचं बटण?"

"हो. आधी हे. मग खुशाल मेन."

"मग असं सरळ सांगायला काय धाड भरली होती याला!" मावशी ताठ झाली. आवाज पूर्वीच्या पट्टीत आला. "उभी काय राहिलीस ठमे? काढ की तुझं कटिंग. पंख उद्या द्यायचेत."

तुझं कटिंग! भाचीनं प्रिंटरकडे तोंड फिरवलं, डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून. लांबच लांब कागदावर पंख उतरू लागले. मावशीनं दुरुस्तीवाल्याला कापडाचं टोक धरायला लावलं, "ओढू नकोस, मेल्या, नुसतं धर" म्हणून दोनदा झापलं, आणि त्यानं ते इतकं नेटकं धरलं, की तिसऱ्यांदा झापायला तिला निमित्त मिळालं नाही.

भाची त्याला पोचवायला खाली रस्त्यावर आली. ऊन कलतं होतं. समोरच्या भिंतीवर दोघांच्या सावल्या, मध्ये वीतभर अंतर ठेवून.

"आता ते बिघडणार नाही," तो खिन्नपणे म्हणाला. "आमच्या धंद्याचा हाच तोटा. काम चोख केलं की पुन्हा यायला कारण उरत नाही."

"कारण लागतं?"

"मावशींसमोर लागतं."

वरची खिडकी खाडकन उघडली. मावशी तिथंच असणार हे सांगायला नकोच. "अरे ए! तुझ्या शर्टाचा खांदा दोन बोटं उतरलाय. कुणी शिवला, शत्रूनं? उद्या ये माप द्यायला!"

त्याचा चेहरा उजळला. मिळालं कारण! पण भाचीनं मान हलवली. दिवसभर तिनं एक गोष्ट झाकायची धडपड केली होती, आणि झाकलेलं उघडं पडल्यावरच दुकानात मोकळं वारं आलं होतं.

"शर्टासाठी नका येऊ," ती म्हणाली. "मला आवडता तुम्ही. त्यासाठी या."

त्याचे कान असे लाल झाले, की झाकायला दोन्ही हात पुरले नसते.

"मलाही… म्हणजे जिन्यातच… म्हणजे तू ते साटिन…" मग त्यानं वाक्याचा नाद सोडला आणि नुसता तिचा हात धरला. घट्टही नाही, सैलही नाही. "आणि मावशींना काय सांगू?"

"काय सांगायचं ते तिनं ऐकलंय."

दोघांनी वर पाहिलं. खिडकीत मावशी उभी होती, हातात टेप, तोंड उघडं. शब्द अगदी जिभेवर आलेला… तो तिनं गिळला, आणि आवाज होऊ न देता खिडकी लावून घेतली.