निळ्या मासोळीचं अंडं

अलेक्झांड्रियातल्या त्या संशोधन संस्थेत शाहिनाजनं रिफअतला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो चहाच्या खोलीत तिची अंडी उकडत होता.

दुसऱ्या दिवशी शम्म-अन-नसीम, म्हणजे वसंताचा सण. रंगवलेली अंडी आणि खारवलेला मासा घेऊन सारं शहर समुद्रावर लोटणार होतं. संस्थेतही आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून अंडी रंगवायची पद्धत होती. रिफअत सूक्ष्मदर्शकांच्या देखभालीसाठी नुकताच रुजू झालेला इंजिनिअर. थंड कपाटात ओळीनं मांडलेली, पेन्सिलीनं खुणा केलेली अंडी पाहून, कोणीतरी सण फारच मनावर घेतलाय असं त्याला वाटलं. त्यानं पातेल्यात कांद्याच्या साली टाकल्या, आच मोठी केली, आणि उकडलेल्या एका अंड्यावर निळी मासोळी काढायला बसला.

"बाशमुहंदिस," शाहिनाज दारातून म्हणाली. तिकडे इंजिनिअरला असंच आदरानं हाक मारतात, राग आला असला तरी. "ती अंडी उबवायची होती."

"दोक्तोरा… आता ती उकडलीत."

ती ओरडली नाही. खुर्ची ओढून बसली आणि पातेल्याकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं रिफअतला वाटलं.

मेंदूतल्या पेशी जन्मतात एकीकडे आणि राहायला जातात दुसरीकडे. त्यांना वाट कोण दाखवतं, हे शाहिनाज अंड्यात वाढणाऱ्या पिल्लांच्या मेंदूत शोधत होती. तिच्या शोधनिबंधाच्या परीक्षकांनी प्रयोग एकदा पुन्हा करून मागितला होता. तो महिनाअखेर झाला तर जर्मनीतल्या प्रयोगशाळेत तिला जागा होती. नाही झाला तर ती दुसऱ्याला जाणार होती. हे सगळं रिफअतला चहावाल्यानं सांगितलं, साखर न विचारता.

सणाच्या सकाळी सारा गाव समुद्राकडे निघाला, आणि हा एकटा उलट दिशेला, दमनहूरकडे. तिथल्या कोंबडीपालन केंद्राच्या मालकाला त्यानं माशाच्या ताटावरून उठवलं. अंड्यांना हिसका बसता कामा नये, एवढंच त्याला कळलं होतं. म्हणून येताना मायक्रोबसमध्ये त्यानं ती कोटाच्या आत, अंगाशी धरली. थंडही ठेवायची असतात, हे कोणी बोललं नव्हतं. आता खुणांचं महत्त्व पटल्यामुळे प्रत्येक अंड्यावर त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं: उजवा खिसा, डावा खिसा.

काही दिवसांनी शाहिनाजनं अंड्यांच्या कवचाला खिडकी पाडून आत पाहिलं. रिफअत शेजारी उभा होता. सूक्ष्मदर्शकाचा दिवा नीट चालतोय ना, हे बघायला. दिवा उत्तम चालत होता.

"उजव्या खिशातली वेळेवर आहेत," ती म्हणाली. "डाव्यातली सगळी पुढे पळालीत."

"डावीकडे… ऊब जास्त असेल."

"का बरं?"

"ते तुमचं शास्त्र, दोक्तोरा. मी दिव्यापुरता."

तिनं भिंगावरून डोळा काढला नाही, पण कानापर्यंत लाल झाली. उजव्या खिशातल्या अंड्यांवर प्रयोग पुरा झाला. तो पुरा झाला की ती जाणार, हे रिफअतला ठाऊक होतं. तरी उबवणीपेटीचं तापमान बघायला तो रोज सगळ्यांच्या आधी यायचा.

जर्मनीहून होकार आला त्याच आठवड्यात संस्थेत वास सुटला. सणाला महिनोन्‌महिने मुरवलेला मासा मिटक्या मारत खाणारे लोक नाकाला रुमाल लावून फिरू लागले, आणि शोध घ्यायला इंजिनिअरला पिटाळलं. वास शाहिनाजच्या टेबलाच्या खणातून येत होता. आत कापसात गुंडाळलेलं अंडं होतं… त्यावर निळी मासोळी.

"हे टाकलं नाहीत?"

"नाही टाकवलं."

त्यानं अंडं हातात घेतलं. वास खरोखर भयंकर होता. दोघांपैकी कोणीही मागे सरकलं नाही.

"किती दिवस राहणार तिकडे?" त्यानं विचारलं.

"दोन वर्षं. पण सणाला येणार." तिनं खण बंद केला. "रिफअत," ती पहिल्यांदाच नावानं म्हणाली, "तेव्हा मासोळी काढून ठेव. अंडी मात्र बाजारातून आण."