स्पीकर नसलेला मॉनिटर

"कुणाच्या दाराला काही अडकवून परत येत जाऊ नकोस. बेल वाजव. माणूस बाहेर येऊ दे. तोंड बघ आणि मग हातात दे."

आम्ही या इमारतीत राहायला आलो त्याच आठवड्यात आमच्याच मजल्यावरच्या तात्सुमीकाकूंनी मला हे सांगितलं होतं. त्यांच्या हातात सूचनांची फाइल होती, आमच्याकडे घरोघर फिरते ती. आपण वाचायची, आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी पोचवायची.

मी मान डोलावली. आणि दुसऱ्याच दिवशी ती फाइल शेजारच्या दाराच्या मुठीला अडकवून मागच्या मागे पळाले.

बेल वाजवली की बोलावं लागतं. मला तेव्हा कुणाशीच बोलायचं नव्हतं.

पुढे लिहितेय ते माझ्या घरात घडलंय. ऐकीव नाही. तुम्ही विश्वास ठेवा असा आग्रह नाही, फक्त शेवटपर्यंत वाचा.

ओसाका. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. चौथा मजला, लांब व्हरांडा, सहा दारं. आमचं ४०१, अगदी टोकाचं. एका बाजूला नुसती हवा, दुसऱ्या बाजूला ४०२.

४०२ मध्ये मोरिवाकीआजोबा एकटे राहायचे. वय अठ्ठ्याहत्तर. पूर्वी ट्राम चालवायचे. हातात काठी, चेहऱ्यावर हसू नाही. एकदा जिन्यात भेटले तेव्हा माझ्या तोमाकडे बघून म्हणाले, "तुझा आवाज भिंतीतून येतो बरं का मला."

मी तिथल्या तिथे तीन वेळा वाकून माफी मागितली.

कारण आधीचं घर आम्हाला आवाजामुळेच सोडावं लागलं होतं. तोमा लहानपणी फार रडायचा. शेजारचे भिंतीवर ठोकायचे. आमच्याकडे भिंतीवर ठोकणं म्हणजे सरळ अर्थ... गप्प बसा. आधी ठोके, मग इमारतीच्या ऑफिसची चिठ्ठी, मग दुसरी चिठ्ठी. आता पुन्हा तक्रार झाली तर कुठे जायचं? नवरा, रयोहेई, बदलीवर सापोरोला. इथे मी आणि सात वर्षांचा तोमा, दोघंच.

त्यात ऑक्टोबरमध्ये माझ्या वडिलांनी तोमाला वाढदिवसाला गेमचा कन्सोल दिला.

मी नियम केला. रोज चार ते पाच, एकच तास. आणि रविवारी चारला बाबासोबत. बाप तिकडे सापोरोत खेळणार, लेक इथे. तेवढीच त्यांची भेट.

पण आमचा टीव्ही जुना. बटण दाबलं की पडद्यावरचा माणूस क्षणभर उशिरा उडी मारायचा आणि खड्ड्यात पडायचा. मग तोमा किंचाळायचा, "दाबलं होतं मी. मी दाबलं होतं."

टीव्ही कुठल्या भिंतीला होता, ते सांगायला नकोच.

मंगळवारी दुपारी चार वाजून गेले होते. तोमा असाच ओरडला, आणि...

टक. टक. टक.

भिंतीतून. खालच्या बाजूने, जमिनीपासून हातभर उंचीवर.

मी धावत जाऊन टीव्हीचा आवाज कमी केला.

"आई, आजोबांनी टाळी दिली," तोमा म्हणाला.

"ती टाळी नसते. ते रागावलेत. तोंडातून आवाज काढू नकोस."

बुधवारी आवाज अगदी बारीक ठेवला होता. तरीही ठोके आले. आदल्या दिवसापेक्षा हळू, जास्त वेळ थांबून थांबून.

मी खाली गेले, चांगल्या दुकानातून केकचा डबा आणला आणि माफीची चिठ्ठी लिहिली. '४०१ चे इशिझुका. मुलामुळे फार त्रास होतोय. यापुढे काळजी घेऊ.' पिशवीत घातली, ४०२ च्या मुठीला अडकवली...

आणि बेल न वाजवता परत आले.

गुरुवारी सकाळी पिशवी तिथेच होती. संध्याकाळीही तिथेच.

माझा अर्थ तयार होता. आजोबांनी माफी नाकारली. आता चिठ्ठी येणार.

गुरुवारी चारला एकच ठोका आला. शुक्रवारी एकही नाही. मला वाटलं, झालं... आता माणूस ठोकत नाही, सरळ ऑफिसला कळवतो.

शनिवारी तोमाला घेऊन मी निप्पोनबाशीला गेले. तिथल्या बाजारात अख्खी गल्ली असल्याच वस्तूंची. दुकानातला पोरगा भलताच बोलका.

"काय हवंय ताई? सत्तावीस इंची बघा. बाकदार पडदा आहे, मुलगा आत शिरल्यासारखा खेळेल."

"त्याला आत शिरू द्यायचं नाहीये मला. बटण दाबल्या दाबल्या माणसाने उडी मारली पाहिजे, एवढंच."

"मग चोवीस इंची घ्या. सेकंदाला एकशेवीस चित्रं. दोनशे चाळीसवाला कुणी गळ्यात मारायला लागलं तर घेऊ नका, तुमचा कन्सोल एकशेवीसच्या वर देतच नाही. उगाच भात एका वाटीचा आणि पातेलं लग्नाचं."

"आणि स्पीकर नको."

तो थांबला. "नको?"

"अजिबात नको. हेडफोनचं भोक असलं की पुरे."

"ताई, सहा वर्षं झाली मला इथे. स्पीकर आहे का विचारणारे रोज येतात. नसलेला दाखवा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या." त्याने खोका उलटा करून छापलेलं दाखवलं. "हा बघा. मुका आहे बिचारा. मारला तरी ओरडणार नाही."

मी हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा. थोडी घासाघीस केली आणि खोका पाठीला बांधून घरी आणला.

पिशवी अजूनही मुठीला होती. मी मान खाली घालून पुढे गेले.

रविवारी छोटं टेबल त्याच भिंतीला लावलं, कारण प्लग तिथेच होता. त्यावर मॉनिटर. तोमाच्या कानावर हेडफोन, आवाज सगळा त्याच्या कानात. उडी वेळेवर लागत होती, म्हणून पोरगं ओरडतही नव्हतं. बापाशी कुजबुजत होतं. घरात फक्त बटणांची टिकटिक.

मला इतकं हलकं वाटलं की मी चहा टाकला.

चार वाजून दहा मिनिटं...

टक. टक. टक.

हळू नाही. खणखणीत. मंगळवारपेक्षाही जोरात. मॉनिटर स्टँडवर हलला.

घरात आवाजच नव्हता. मग कशावर रागावले हे?

लगेच रयोहेईचा फोन आला. "मिझुहो, कोण आलंय? दार ठोकल्याचा आवाज तोमाच्या माइकमधून आला."

"शेजारचे आजोबा. भिंतीवर."

"कमाल आहे. आता तर श्वाससुद्धा ऐकू येत नाही तुमचा."

"माझं काय चुकतंय तेच कळत नाहीये रे."

"जाऊन भेट ना त्यांना."

"जाईन," मी म्हटलं. आणि गेले नाही.

सोमवार. बरोबर चार. मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होते. आतून तोमाचं बोलणं ऐकू आलं.

"थांबा ना आजोबा. आईने आवाज बंद केलाय. मी काय करू?"

मी आत आले. हेडफोन त्याच्या गळ्यात लोंबत होते.

"कुणाशी बोलतोयस?"

"आजोबांशी. ते विचारतायत, आवाज का येत नाही आता."

"कसं विचारतायत?"

त्याने मॉनिटरच्या मागे बोट दाखवलं.

आणि मग मला ते ऐकू आलं...

गेमचं संगीत. नाणं उचलल्याची टिंग. उडीचा आवाज. खोलीत, स्वच्छ.

मी हेडफोनची वायर बघितली. नीट लावलेली होती. हेडफोन कानाला लावले. त्यातही आवाज होता. मग हा दुसरा कुठून?

मॉनिटरला स्पीकर नाही. खोक्यावर लिहिलेलं मी स्वतः दोनदा वाचलं होतं.

मी वाकून पडद्यामागे कान नेला. आवाज मॉनिटरमधून येत नव्हता.

भिंतीतून येत होता.

पलीकडच्या खोलीत तोच गेम चालू होता. तोमाने बटण दाबलं. पडद्यावर लगेच उडी. आणि भिंतीपलीकडून तीच उडी... क्षणभर उशिरा.

अगदी आमच्या जुन्या टीव्हीसारखी.

मी तोमाच्या हातातला कंट्रोलर काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. पडद्यावरचा माणूस जागच्या जागी उभा राहिला.

पलीकडे अजून एक उडी झाली.

मग शांत.

मग... टक. टक. टक.

मी तोमाला उचललं आणि अनवाणीच व्हरांड्यात आले. पिशवी मुठीला लटकत होती. सहावा दिवस. मी बेल वाजवली. आत वाजल्याची ऐकू आली. पुन्हा वाजवली. हाका मारल्या.

काहीच नाही.

माझ्या हाकांनी तात्सुमीकाकू ४०६ मधून बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आधी पिशवीकडे बघितलं.

"ही कधीपासून आहे?"

"बुधवार."

"आणि तू रोज इथूनच जातेस."

त्यांनी टोमणा मारला नाही. नुसतं म्हटलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

ऑफिसचा माणूस किल्ली घेऊन आला. दोन पोलीस आले. काकूंनी तोमाला आपल्या घरी नेलं. मी व्हरांड्यात उभी राहिले. दार उघडलं, आणि मी तोंडावर हात धरला.

आजोबा आमच्या भिंतीपाशी जमिनीवर होते. काठी हातात.

पोलिसांनी नंतर सांगितलं की मंगळवारी दुपारी पडले असावेत. मांडीचं हाड मोडलं होतं. फोन दुसऱ्या खोलीत. गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी पहाटे गेले.

त्यातला तरुण पोलीस वहीत लिहीत होता. "भिंतीवर खाली काठीच्या खुणा आहेत. तुम्हाला काही ऐकू आलं नाही?"

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहून टाकते. हे मी रयोहेईलाही सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "मुलाचा गेम चालू असतो."

तो म्हणाला, "हं." आणि लिहून घेतलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. ते ठोके त्यांचे होते, हे मला समजतं. ते मला बोलावत होते आणि मी आवाज कमी करत होते.

पण रविवारी? सोमवारी?

रविवारचे ठोके तर माझ्या नवऱ्याने हजार किलोमीटरवर ऐकले होते.

ती खोली रिकामी करताना काकू तिथे होत्या. म्हणाल्या की खोलीत टीव्ही नव्हता, गेम नव्हता. फक्त एक खुर्ची, आमच्या भिंतीकडे तोंड करून. बाजूला चहाचा पेला.

"रोज चारला बसायचा तिथे," काकू म्हणाल्या. "मला म्हणायचा, शेजारचं पोर उडीला चुकलं की काय ओरडतं. ते ऐकल्याशिवाय चहा जात नाही."



खोली धुतली, नवा कागद लावला. महिन्याभराने मी आमचं टेबल हलवलं. दुसऱ्या बाजूच्या भिंतीला लावलं, टोकाच्या. तिच्या पलीकडे काही नाही. चार मजले खोल नुसती हवा.

पहिले आठ दिवस शांत गेले.

नवव्या दिवशी, चार वाजता...

टक. टक. टक.

त्या भिंतीतून.

तोमा घाबरला नाही. त्याने मागे बघून फक्त विचारलं, "आई, बेल वाजवायला जातेस ना?"

मी गेले. आता प्रत्येक वेळी जाते. ठोके आले की चप्पल घालते आणि मजल्यावरची पाचही दारं वाजवते. ४०२ मध्ये आता एक नर्स राहते. रात्रपाळी करून झोपलेली असते, डोळे चोळत येते. "परत तुम्ही?" म्हणते. ४०३ चे गृहस्थ मला वेडी समजतात. ४०४ आणि ४०५ ला माझी सवय झालीय. काकू दारातच हात पुढे करतात, "हो, आहे जिवंत. नाडी बघतेस?"

मी वाकून माफी मागते आणि परत येते. आल्यावर ठोके थांबलेले असतात.

एकदाच असं झालं की काकूंचं दार उघडायला वेळ लागला. न्हाणीघरात पाय घसरून बसल्या होत्या. हाड मोडलं नाही. उठता मात्र येत नव्हतं.

त्यावर त्यांनी काही विनोद केला नाही.

मॉनिटरला मी एक छोटा स्पीकर जोडून घेतलाय. चार ते पाच आवाज मोठा ठेवते. तोमा चुकला की ओरडतो, मी ओरडू देते. ज्याला तक्रार करायची असेल त्याने करावी.

हे सगळं आज लिहायचं कारण...

काल चारला ठोके आले. मी पाचही दारं वाजवली. पाचही उघडली. सगळे धडधाकट. घरी परतले.

ठोके थांबले नव्हते.

तिसऱ्या मजल्यावर गेले, मग दुसऱ्या, मग पहिल्या. सगळी दारं उघडली. सापोरोला फोन केला, आईवडिलांना केला. सगळे ठीक. रात्री झोपेपर्यंत मध्ये मध्ये वाजतच होतं. आज सकाळीही वाजलं. हे लिहितानाही...

म्हणजे हा ठोका आमच्या इमारतीतला नाही.

तुमच्या शेजारी कुणी एकटं राहत असेल. दोन-चार दिवसांत दिसलं नसेल. दाराला काहीतरी लटकत असेल आणि तुम्ही त्याचा काहीतरी अर्थ लावला असेल.

वाचून झालं असेल तर उठा. बेल वाजवा. माणूस बाहेर येईपर्यंत तिथून हलू नका.