मुळाशी परका

"कुळाचं मूळ कुळातल्याला विचारू नये रे मणी, परक्याला विचारावं." सोयरिकी जुळवणारे आजोबा असं म्हणायचे. मणीला ते आज उगाच आठवलं.

समोर हरिप्रियेच्या कॉफीवर साय धरली होती. ती भाताच्या जुन्या वाणांची संशोधक. ओरत्तनाडू गावच्या प्रतापसिंह या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं भात मूळ आणि कंपनीचं वाण त्याची लेक, असं तिने सिद्ध केलं होतं. पण सकाळी बियाण्याचा हक्क ठरवणाऱ्या समितीपुढे संगणकावर वंशवृक्ष उघडला, तर मुळाशी कंपनीचं वाण.

"चारला निकाल. म्हाताऱ्याला स्वतःचंच बी विकता येणार नाही," ती म्हणाली. "ज्याने केलं, त्याला मी सोडणार नाही."

"आकडे बदललेत?" वसुमतीबाईंनी विचारलं. खासगी तपास हा त्यांचा धंदा, मणी मदतनीस.

"नाही. फांद्यांची लांबीसुद्धा तीच."

"झाड तेच, धरलं मात्र दुसरीकडून."

मणीने वंशवृक्षाच्या छापील कागदावर फांद्यांची टोकं मोजली. अकरा. यादीत बारा होती. 'तिरु-७' गळलं होतं.

"छापताना राहिलं असेल, बाई."

"असेल. तिरु-७ म्हणजे काय?"

"यादीत नुसते क्रमांक. खुलासा माझ्या वहीत, वही कुलपात," हरिप्रिया म्हणाली आणि उत्तर बाईंच्या कानात सांगितलं.

प्रयोगशाळेत संगणक सांभाळणारा सुरेंद्र सरळच बोलला. "मॅडमनी माझी बढती अडवली. त्या पडल्या तर मी रडणार नाही. पण हे माझं काम नव्हे."

"तिरु-७?"

"तिरुवैयारूच्या शेतांतली सात भातं. त्यातलं शेवटचं."

मोरीपाशी भुवनेश्वरी बाटल्या धुत होती. बारा वर्षं इथे राबणारी मदतनीस. पोटऱ्यांवर पांढरे वण.

"हे कशाने गं?" वसुमतीबाईंनी विचारलं.

"कावेरीतलं रानभात कापतं, अम्मा. शेतातलं एवढं नाही कापत."

"झाड कोणी फिरवलं?"

"मला काय कळतं? मी बाटल्या धुते."

तीन वाजता वसुमतीबाईंनी सगळ्यांना संगणकापुढे बसवलं.

"यंत्राला थोरलं-धाकटं कळत नाही. नात्यातला, पण घराबाहेरचा एक जण दाखवावा लागतो. तो जिथे जोडला जातो, तिथे मूळ."

मणी दचकला. आजोबा हेच सांगत होते.

"तिरु-७ तो परका, नदीतलं रानभात. मूळ कंपनीच्या वाणावर ठेवलं, की रानभात शेतातल्या भाताची नात होऊन लोंबतं. पाहणारा हसला असता. म्हणून ते लपवलं. लपवणाऱ्याला तिरु-७ रानटी आहे हे ठाऊक हवं. सुरेंद्र त्याला शेतातलं समजतो. खरं ठाऊक वहीला, आणि ज्या पायांनी ते आणलं त्या पायांना."

भुवनेश्वरीने हात पुसले.

"बारा वर्षं हरिप्रिया अक्कांच्या खांद्यावरून पाहत शिकले. छातीभर पाण्यात मी उतरले. त्यांच्या शोधलेखात ड्रायव्हरचंसुद्धा नाव, माझं नाही. टाईप करताना राहिलं म्हणे. परक्याला वगळलं की मूळ कसं हलतं, ते यांना चारचौघांत दाखवायचं होतं."

"आणि प्रतापसिंह?" वसुमतीबाईंनी विचारलं.

तिचा चेहरा पडला. "ते मनात आलंच नाही."

ती खुर्चीपाशी वाकली. दोन टिचक्यांत रानभात पडद्यावर आलं, मूळ त्याच्याकडे सरकलं आणि प्रतापसिंहांचं भात थोरल्याच्या जागी बसलं.

"हिला आजच काढून टाका," सुरेंद्र म्हणाला. सगळ्यांनी हरिप्रियेकडे पाहिलं. ज्याला सोडणार नव्हती, तो गुन्हेगार हाताशी उभा होता.

तिने पडद्यावरच्या रानभाताच्या एकट्या फांदीवर बोट ठेवलं.

"टाईप करताना राहिलं नव्हतं, भुवना," ती म्हणाली. "बाटल्या धुणारीचं नाव शेजारी नको वाटलं. मीच खोडलं."